भिंतीपलीकडून ओ

नुंगंबाक्कम, चेन्नई
रविवार, २ मार्च २०२५

गिरिधर,

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला तर तो वाचल्याची खूणही उमटत नाही. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. नुंगंबाक्कमहून याच शहरातल्या तिरुवल्लिकेणीला पत्र पाठवणारी मी या वर्षातली पहिलीच बाई असेन. खिडकीवरच्या माणसाने पत्ता दोनदा वाचला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तुझ्या मॅन्शनचा, त्या सड्या पुरुषांच्या लॉजचा, मॅनेजर वेंकट मात्र सांगतो, "सार पत्र आलं तर वाचतात, मॅडम. फोन आला की जिना उतरून बीचवर निघून जातात." चोपन्नाव्या वर्षी, लग्नाची बायको असताना, परीक्षा देणाऱ्या पोरांच्या आणि औषधं विकणाऱ्यांच्या मधली खोली घेऊन राहणाऱ्या माणसाकडून एवढं वाचन पुष्कळ झालं.

कामाचं आधी. तुझ्या अप्पांची मूत्रपिंडं गेली. डॉक्टर डायलिसिस म्हणाले. अप्पा म्हणाले, "मज मशीन नको. गाडी यार्डांत शिरली, आतां इंजिन बदलून काय करायाचें?" डॉक्टरांना वाटलं, म्हातारा कबूल झाला. तुमचं तंजावरचं मराठी मला कळायला सात वर्षं लागली, त्या बिचाऱ्याला सात मिनिटंही मिळाली नव्हती. मी तमिळमध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. उन्हाळा संपेपर्यंत, म्हणाले. कुठला उन्हाळा ते बोलले नाहीत. चेन्नईत त्याला तसा अर्थही नाही.

तुला वाटेल, ही घाबरवून बोलावते आहे. मी बोलावत नाही. कळवते आहे.

दुसरं. काल घुबडांच्या मोजणीची पहिली फेरी झाली आणि अप्पा तिला गेले. चाकांच्या खुर्चीतून. खुर्ची मी ढकलली. घुबड या प्राण्याबद्दल माझं मत तुला माहीत आहे: रात्री ओरडायचं आणि दिवसा तोंड पाडून बसायचं, हे माझ्या घरी एक माणूस विनामूल्य करत होता, त्यासाठी मला रानात जायची गरज नव्हती. पण अप्पांना आता एकट्याने जाता येत नाही. पक्षिनिरीक्षक मंडळाची प्रमुख विशालाक्षी म्हणाली, यंदा राहू द्या सार. अप्पा म्हणाले, रेल्वेत गार्ड होतों, आजारी म्हणून गाडी कधी सोडली नाही.

तोच तो अडयारच्या अलीकडचा बंद छापखाना. तेच आवार, त्याच चिंचा आणि तो वड. अप्पांनी हात वर केला, मी भोंग्याचं बटण दाबलं, वनघुबडाची ती फितीवरची थरथरती हाक मिनिटभर वाजली, बंद झाली. मग तुम्ही लोक ज्याला 'ऐकणं' म्हणता ते सुरू झालं, म्हणजे श्वास कोंडून डास चावून घेणं. आणि भिंतीकडच्या अंधारातून ओ आली. तशीच थरथरत. खुर्चीतल्या त्या काटकुळ्या माणसाने माझं मनगट धरलं. जोर होता अजून.

परत येताना रिक्षात एकच वाक्य बोलले. "त्याच्याही नोंदींत आहे म्हणे. मग येऊन सांगायास काय होतें?"

तर हे आहे. तीन वर्षांपूर्वी तू सगळ्या मंडळासमोर अप्पांची नोंद पेन्सिलने खोडलीस. एकदाच ऐकलं, पाहिलं नाही, खात्री नाही, रद्द. ऐंशीला टेकलेला बाप समोर बसलेला. घरी येऊन तो म्हणाला, मग माझ्या घरांतही खात्री नसलेलें काही नको, आणि तू बॅग भरलीस. मंडळ सोडलंस, घर सोडलंस, घुबडं मात्र सोडली नाहीस. अप्पांना खोटं ठरवायला तू एकटा त्याच आवाराच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूने मोजणी करायला लागलास. आणि तुझ्याही नोंदीत घुबड आलं. एका वर्षी नाही, दर वर्षी. तू पाठवलेल्या त्या नोंदी विशालाक्षीने अप्पांना दाखवल्या, तेव्हापासून ते दाराकडे कान लावून आहेत.

एकदा ये, दारात उभा राहा, आणि म्हण: अप्पा, होतं. आत येऊ नकोस हवं तर. कॉफी मी देणार नाही.

जयवंती

—

नुंगंबाक्कम
रविवार, १६ मार्च

गिरिधर,

मागच्या पत्रात सांगितलं ते म्हणू नकोस. म्हणजे म्हणायचं असलं तरी हे वाचून म्हण.

काल दुसरी फेरी झाली. चांदणं होतं, डास होते, ओ आली. यंदा अप्पांचा हात कापतो म्हणून मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं होतं. ते आज सकाळी मी भाजी निवडताना लावलं. अप्पांना ऐकवायचं म्हणून; ते झोपले होते. घुबड ओरडलं, थांबलं, पुन्हा ओरडलं. आणि मागे कुत्रं भुंकलं. दोनदा भुंकलं आणि एक बारीक किंकाळी.

अप्पांना हे कुत्रं माहीत आहे. त्यांच्या दर वर्षीच्या शेऱ्यात ते आहे: 'पक्षी बोलतांच पलीकडे कुत्रें भुंकतें. त्यास कळतें.'

मला ते कुत्रं त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तंजावरच्या तुमच्या परसात मी त्याला रोज दहीभात घालायची. करुप्पन. बैलगाडीखाली पाय सापडल्यापासून ते दोनदा भुंकून एकदा कण्हायचं. ते मेलं तेव्हा आपली नित्या आठवीत होती. आज ती बेंगळुरूमध्ये नोकरी करते आणि मला आहार शिकवते. तेव्हा ते कुत्रं काल रात्री अडयारजवळ भुंकत असेल, तर एक तर मला मांत्रिक बोलवायला हवा, नाही तर तुला.

मी पालक बाजूला ठेवला आणि बसले.

मोजणीला वाजवतात ती हाक तूच मुद्रित केली होतीस, तंजावरला, मागच्या पडवीतून. मंडळासाठी विशालाक्षीने त्यातलं कुत्रं कापून टाकलं. सगळे तीच कापलेली फीत वाजवतात, अप्पाही. अख्खी फीत फक्त तुझ्याकडे आहे. कापलेलं काहीही तुला चालत नाही, खोडलेलं चालतं.

पुढचं तुला सांगायला नको, पण मी सांगणार आहे, कारण तू गेल्यापासून माझं ऐकून घेणारं घरात कुणी नाही.

मंडळ सोडलंस तरी मोजणीच्या तारखा तू मंडळाच्याच पाळतोस. वेळही तीच, रात्री आठ. ते नियम तूच लिहिले होतेस ना? आठला उभं राहायचं, आधी शांत ऐकायचं, मग हाक वाजवायची, मग पुन्हा ऐकायचं. अप्पाही आठलाच सुरू करतात. पण अप्पांचं घड्याळ गार्डाचं. नोकरीपासून ते पाच मिनिटं पुढे आहे, गाडी चुकू नये म्हणून. तू भिंतीपलीकडे येऊन शांत ऐकत उभा राहतोस, आणि नेमकी तेव्हा इकडून अप्पांची हाक वाजते. तुला न बोलावता घुबड मिळतं. खूश होऊन तू तुझी हाक वाजवतोस. तेव्हा अप्पा शांत ऐकत बसलेले असतात. त्यांना ओ मिळते. कुत्र्यासकट.

तीन वसंत, गिरिधर. बाप आणि मुलगा भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना हाका मारताहेत, आणि घरी जाऊन घुबड म्हणून नोंद करताहेत. बोलायला मिळत नाही म्हणून लोक काय काय करतात मी पाहिलं आहे. आमच्या बँकेत एक नवराबायको एकमेकांना फक्त लेखी मेमो द्यायचे. पण तुम्ही दोघांनी कमाल केली.

मी हसले. भरपूर हसले, पदर तोंडात धरून. मग आतून अप्पांनी विचारलं, "काय गे, काय ऐकतेस?" आणि माझं हसू गेलं. मी म्हटलं, काही नाही, बातम्या.

त्या पहिल्या वर्षी, तू नोंद खोडलीस तेव्हा, तू भिंतीच्या अलीकडे, अप्पांजवळच उभा होतास. पलीकडे कुणी नव्हतं. तेव्हा अप्पांनी काय ऐकलं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

त्यांना सांगू की नको? तुझा बाप आहे. तू ठरव.

जयवंती

—

नुंगंबाक्कम
रविवार, २३ मार्च

गिरिधर,

तुझं कार्ड मिळालं. लांबलचक आहे. पुन्हा पुन्हा वाचायला लागलं.

'कुत्रा माझाच. तिन्ही वर्षांच्या नोंदी रद्द करतो. अप्पांच्याही रद्द व्हायला हव्यात. गि.'

अप्पा कसे आहेत, असं विचारायला कार्डात जागा होती. मी मोजपट्टी लावली नाही, पण होती.

तर मीच सांगते. दिवसाला मोजून पाणी. सकाळी पितळी फुलपात्र भरून देते, ते संध्याकाळपर्यंत पुरवायचं. पाय सुजून खांबासारखे झालेत. रात्री ते जुन्या स्टेशनांची नावं ओळीने म्हणतात, विळुपुरम, कडलूर, चिदंबरम, मायावरम, आणि तंजावरच्या आधी झोप लागते. मळमळतं, तोंडाला चव नाही. काल सांबारात कोकम घालून आमटीसारखं केलं, सांबार तंजावरच्या मराठ्यांनीच शोधलं असा तुमच्या घराण्याला अभिमान आहे ना, तसं. एक चमचा घेतला आणि म्हणाले, बरें आहे, उरलेलें शेजारी देऊन टाक. तमिळ शेजारणीने ते सुतकातल्यासारखं अळणी जेवण खाल्लं आणि आम्हाला कोण मेलं म्हणून विचारलं. ती गमतीने म्हणाली असेल. मला ती गंमत वाटली नाही.

विशालाक्षीला मी अजून काही कळवलेलं नाही. तू तुझ्या नोंदी काढल्यास की ती विचारणारच, मग अप्पांनाही कळणार. म्हणून थोडं थांब. खरेपणा कुठे पळून जात नाही. तुझ्याजवळ तर तो इतका आहे की महिनाभर शिळा झाला तरी चालेल.

माझं मागणं असं आहे. पुढच्या शनिवारी, एकोणतीसला, शेवटची फेरी. अमावस्या आहे. अप्पांनी मला काल बोलावून, दार लावायला सांगून, विचारलं, "शेवटचें एकदां नेशील काय?" नेणार म्हटलं. डॉक्टर नको म्हणतील, म्हणून त्यांना विचारणार नाही.

तू दर वेळी उभा राहतोस तिथेच उभा राहा. आमची हाक संपली की तुझी वाजव. बस. मुद्दाम. आजवर जे चुकून केलंस ते एकदा जाणूनबुजून कर. कुत्र्याचा तुकडा काप हवं तर, नाही तर ठेव, त्यांना कुत्रं आवडतं. मग सोमवारी आपण दोघं सही करून सगळ्या नोंदी मागे घेऊ. मी अर्ज लिहून ठेवते. तुझ्या पवित्र आकडेवारीला कायमचा डाग लागणार नाही, दोन दिवसांचा लागेल.

हे खोटं आहे. मला कळतं. मी बँकेत सव्वीस वर्षं काढली, खोट्याचे प्रकार मला येतात. हा त्यातला सर्वांत स्वस्त आहे. एक बटण.

जयवंती

—

शुक्रवार, २८ मार्च
हातपोच, वेंकटकडून

गिरिधर,

उत्तर नाही आलं. नकार असता तर तो तू नियमावलीसकट पाठवला असतास, तेव्हा नकार नसावा असं धरून चालते.

आज ते नीट बोलत होते. त्यांनी गार्डाचा जुना काळा कोट काढायला सांगितला. चेन्नईत मार्चमध्ये. इस्त्री केली मी.

उद्या आठला. त्यांचं घड्याळ मी बरोबर लावलेलं नाही. ते पाच मिनिटं पुढेच आहे.

ज.

—

नुंगंबाक्कम
सोमवार, १४ एप्रिल

गिरिधर,

आज तमिळ नववर्ष आणि तुझ्या वडिलांचा तेरावा, दोन्ही. शेजारणीने कडुलिंबाच्या फुलांची आणि कैरीची पचडी आणली आणि सुतकाचं लक्षात येऊन दारातच घुटमळली. मी वाटी घेतली. तुमच्याकडे चालत नसेल, पण तुमच्याकडचं कुणी घरात नव्हतं.

त्या रात्रीचं लिहायचं राहिलं आहे. तू अर्धं ऐकलं आहेस. बाकीचं अर्धं भिंतीच्या या बाजूला होतं.

कोटात ते बाहुल्यासारखे दिसत होते. खुर्चीचं चाक वाळूत रुतत होतं, छापखान्याच्या पहारेकऱ्याने आणि मी उचलून त्यांना वडापर्यंत नेलं. अंधार असा की मला माझे हात दिसत नव्हते. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं. हात वर केला असावा. मला दिसला नाही, कोटाची बाही सळसळली म्हणून कळलं. मी बटण दाबलं. हाक वाजली, संपली.

मग आम्ही ऐकत बसलो.

मी मनातल्या मनात तुला सांगत होते: दाब. आता दाब. मला आयुष्यात देव आठवलेला नाही, पण त्या वेळी तुझा अंगठा आठवत होता. दूर मुख्य रस्त्यावर बस गेली. वडावर काहीतरी फडफडलं, वटवाघूळ असेल. अप्पांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वेळ संपली. ती संपल्यावरही आम्ही बसून राहिलो, जे तुझ्या नियमात बसत नाही.

आणि भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं.

तुझा तो खोकला दम्याचा नाही. तू त्याला दमा म्हणतोस. सासूबाईंना शेवटचं उचललं तेव्हा तो असाच आला होता, गच्चीच्या जिन्यात, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून तोंडावर उपरणं धरून. मी ओळखला. मी ओळखणारच. पण खुर्चीतून आवाज आला, "गिरी."

मी भिंतीकडे वळले.

"गिरीच तो. काय गे, तीन वर्षें तोच होता काय?"

काय सांगायचं ते मी आठवडाभर घोकलं होतं. सगळं तयार होतं. आणि मी "हो" म्हटलं. मला वाटलं, आता हे इथेच जाणार.

ते हसायला लागले. तुला ऐकू गेलं असेलच. हसता हसता ठसका लागला, मी पाठीवर हात फिरवला, बरगड्या लागत होत्या. मग जरा दम घेऊन म्हणाले,

"म्हणजे येत होता."

एवढंच. घुबड गेलं, खरं ठरणं गेलं, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांनी तो हिशोब तिथल्या तिथे बदलून टाकला.

तेवढ्यात तुझी स्कूटर सुरू झाली. मी खुर्ची वळवली, ढकलली, चाक रुतलं, पहारेकऱ्याला हाक मारली. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा रस्त्यावर पेट्रोलचा वास होता. अप्पा म्हणाले, "सरी, बरें, सोड. गाडी गेली." रागाने नाही. सवयीने.

मी अजून विचार करते की तू बटण का दाबलं नाहीस. तत्त्वासाठी, असं तू म्हणशील. मरणाऱ्या बापालाही खोटी ओ द्यायची नाही, एवढा शुद्ध माणूस. ते खरं असेल तर ते तिरुवल्लिकेणीच्या त्या खोलीत कोंडून ठेव, बाहेर काढू नकोस, लोकांना लागेल. पण मला दुसरंही वाटतं. हाक ऐकल्यावर, ती कोण मारतंय हे या वेळी ठाऊक असताना, तुझा अंगठा हललाच नसेल. आजवर तू घुबडाला ओ देत होतास. अप्पांना ओ द्यायची ती पहिलीच वेळ होती. फीत वाजवून ती देता आली नसती, आणि तुझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. खोकला होता.

ओरडला असतास, गाढवा. 'अप्पा' म्हणून ओरडला असतास. भिंत काही उंच नव्हती.

बुधवारी पहाटे गेले. चिदंबरमपर्यंत म्हणाले होते. नित्या आदल्या रात्रीच आली होती. अग्नी तिने दिला. पुरोहिताने कुरकुर केली, मी त्याच्याकडे पाहिलं, तो मंत्राला लागला. वेंकटने तुला निरोप दिला होता, हे मला माहीत आहे, कारण स्मशानासमोर रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या गाडीशी तू उभा होतास. नित्याने पाहिलं आणि जाऊ का म्हणाली. मी नको म्हटलं. तुला पलीकडे उभं राहायची सवय आहे. ती मोडायची तर तू मोड.

रद्द करण्याचा अर्ज विशालाक्षीकडे दिला आहे. तुझी सही तू जाऊन कर. तिन्ही वर्षांची घुबडं पुसली जातील. पुढच्या वर्षी त्या आवारात मोजणी होणार नाही, काही नाही तिथे मोजायला असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

पण त्या रात्रीची नोंद मी रद्द करणार नाही. ती त्यांनी मला सांगून लिहवून घेतली, रिक्षात बसण्याआधी, फाटकाच्या दिव्याखाली. म्हणाले, "लिही. गार्डानें पाहिलें तें लिहायाचें, ऐकलें तें लिहायाचें, दुसरें नाही." मग कोटाची वरची गुंडी लावली.

"घुबड नाही. माणूस एक."

मी तसंच लिहिलं आहे. भिंतीच्या तुझ्या बाजूने तू त्या रात्री काय नोंदवलंस, ते कळव.

जयवंती